नोर्माचं यीस्ट

या, असे जवळ सरका, एका चोराची गोष्ट ऐका. कॅन्ससच्या वेंडेलने सुनेवर ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं. "गाळ समजून ओतून टाकलंस? नोर्माच्या हातचं यीस्ट होतं ते!" बायको नोर्मा गेल्यापासून नऊ वर्षं तो त्याच विरजणावर गव्हाची बिअर आंबवत होता. तेवढ्यात शेजारचा कर्टिस बरणी घेऊन दारात उभा राहिला. त्याने हेच यीस्ट मागितलं म्हणून वेंडेलने दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता.

"तू कशाला तडमडलास इथे?"

"तुझा आरडाओरडा कुंपणापलीकडे आला. तू दिलं नाहीस, म्हणून तेव्हाच चोरलं होतं. नोर्माचंच आहे, जिवंत ठेवलंय. घाल आता शिव्या."

वेंडेलने बरणी छातीशी धरली आणि गरजला, "चोरा! बाहेर काय उभा राहतोस? आत मर!"

बाबांनो, नोर्माच्या नावाने पेला उचलाल, तेव्हा त्या चोरालाही आठवा.