सोनईचं पाठवणीचं गाणं

भागूबाईंनी शेवटची ओळ म्हटली आणि हातातली पितळी वाटी समोरच्या पाटावर एकदाच आपटली. खट्! भोवतीच्या बायका एकदम गप्प झाल्या.

शामकांतांच्या अंगावर काटा आला. आवाज नीट आला का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या तौसीफनं हेडफोन न काढताच मान हलवली.

याच आवाजासाठी दोघं नगरहून सोनईला आले होते. पस्तीस वर्षांपूर्वी शामकांतांनी बँकेतली नोकरी सोडून 'दुरडी' ही कंपनी काढली. खांद्याला टेपरेकॉर्डर लावून जिल्हाभर हिंडले. गाणी गोळा केली, त्यांच्या कॅसेटी काढल्या, मग सीडी, आणि आता ती सगळी मोबाईलवर ऐकता येत होती. प्रत्येक वेष्टनावर एकच वाक्य असे: लोकांचं गाणं, जसंच्या तसं.

मुलीच्या पाठवणीचं हे गाणं त्यांच्या पहिल्याच कॅसेटवर होतं. तिच्या दोन प्रती त्यांनी तेव्हा गावाला भेट दिल्या होत्या. वाटी आपटायची रीत मात्र त्यांना गेल्या महिन्यात कळली, कुणीतरी पाठवलेल्या लग्नाच्या व्हिडिओतून. इतकी जुनी प्रथा त्या वेळी आपल्या नजरेतून सुटलीच कशी, याची त्यांना फार चुटपुट लागली. त्यांनी तिच्यावर चार पानं लिहून काढली. माहेरचं दार कायमचं मिटल्याचा हा आवाज आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'दुरडी'च्या इतिहासाच्या पुस्तकात तो लेख पहिला होता, आणि पुस्तक छापून तयार होतं.

त्या पहिल्या कॅसेटवर ज्यांनी हे गाणं म्हटलं होतं, त्या झुंबरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांना शाल-श्रीफळ देऊन झालं होतं. गायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. "आत्याचं आता पाठांतर ऱ्हायलं न्हाई," असं भागूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"हे गाणं तुमच्यासाठी काय आहे, ते दोन शब्दांत सांगाल?" शामकांतांनी भागूबाईंना विचारलं.

"लई हाय," भागूबाई सावरून बसल्या. "ह्याच गान्यानं माझी लेक सृष्टी नांदली बघा. सुप्याला दिलीय. दोनदा पळून आली हुती, अंगावर वळ घिऊन. दोन्ही येळंला म्या तिला हेच म्हनून दावलं अन् लावली परत. तिसऱ्यांदा काय आली न्हाई. फोन केला की म्हनती, बरी हाय."

शामकांतांनी वहीत लिहून घेतलं: गाण्याचा संसाराला आधार.

तौसीफनं हेडफोन गळ्यात उतरवले. "मावशी, वाटी एकदाच का आपटायची? आमच्याकडं कुठलीही गोष्ट तीनदा करतात."

"कॅसेटीत एकदाच हाय," भागूबाई म्हणाल्या.

"कॅसेटीत?" शामकांतांचा हात थांबला.

भिंतीकडून बारीक हसू आलं. झुंबरबाई हसत होत्या.

"दादा, त्यो तुमच्याच मशीनचा आवाज हाय. तुमी बटन दाबलं, त्याचा. म्या आपली गात हुते, तुमी म्हनला, मावशी, पट्टी संपत आली, पुरं. मंग च्या पेला अन् यष्टी गाठायला पळाला. गानं तसंच ऱ्हायलं."

तौसीफनं छताकडं पाहिलं. शामकांतांना ते दुपारचं ऊन आठवलं, नेवाशाची गाडी आठवली. बटण दाबल्याचं आठवेना. पण दाबलं असणार. त्या काळी मशीनचा खटका गाण्यातून काढून टाकायची सोय त्यांच्याकडं नव्हती. छापलेली चार पानं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली.

"म्हणजे पुढं आणखी होतं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"एकच ओवी हुती."

"म्हणाल?"

झुंबरबाईंनी आधी बायकांकडं पाहिलं, जणू परवानगी घेत होत्या. मग डोळे मिटले. आधी त्यांनी सगळ्यांना पाठ असलेली ओवी घेतली.

ओलांड उंबरा लेकी, मागं वळू नको गं,
माहेराच्या वाटेला डोळे लावू नको गं.

इथं भागूबाईंचा हात सवयीनं वर गेला. पण म्हातारी थांबली नाही. थरथरत्या आवाजात ती पुढं गेली.

असं सांगत्यात लोक, त्यांचं ऐकू नको गं,
येशील तवा ये, कडी वाजवू नको गं.

भागूबाईंचा हात तसाच वर राहिला होता. मग त्यांनी वाटी हळूच, आवाज न करता, मांडीवर ठेवली.

"आत्या, ही ओवी कवाची?"

"पैल्यापासनंची."

"मंग आमाला कधी बोलली न्हाईस ती?" भागूबाई भिंतीकडं सरकल्या. "माझी लेक दोनदा दारात आली गं!"

झुंबरबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"दर लग्नात म्हनायचे की. तूच म्हनायचीस, कॅसेटीत न्हाई, गप ऱ्हा."