वर्षभर पडून असलेला गेम

मेमरी कार्डाचा सैल झालेला अडॅप्टर. पोलिसांकडे दिलेला फोटो. भाच्याचा वाढदिवस.

"भाऊजी, यांचा हा व्हिडिओ गेम वर्षभर कपाटात धूळ खात पडलाय," रिपेअरवाल्याच्या वर्षभरापासून बेपत्ता असलेल्या मित्राची बायको त्याला म्हणाली. "अडॅप्टर तेवढा बदलून द्या, भाच्याला देऊन टाकते. मला मेलीला तर तो चालूही करता येत नाही!"

"द्या वहिनी, चुटकीसरशी करतो." त्याने बटण सरकवलं. गेम झोपेतून लगेच जागा झाला आणि पडद्यावर कंपनीची नाही, तर दोघा मित्रांनी मिळून बनवलेली कस्टम सिस्टीम उमटली.

 ही सिस्टीम कच्ची होती. बॅटरी पूर्ण उतरली की ती उडून जायची, आणि बॅटरी आठवडाभरसुद्धा तग धरत नसे. ती पुन्हा कशी चढवायची, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक तो स्वतः, दुसरा तो बेपत्ता मित्र.

"काय झालं, भाऊजी? बिघडलाय का?" वहिनीने हसून विचारलं.



त्याला आठवलं, मित्र नाहीसा झाला त्याच आठवड्यात वहिनीने घराच्या माळ्यावरच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली होती.