विटांचे तुकडे

चौथा मासा मेला तेव्हा मानसिंग हवालदारांनी काचेच्या पेटीतलं सगळं पाणी उपसलं आणि तळातले खडे परातीत काढून साबणाने धुवायला घेतले.

"अहो, साबण कसला लावताय?" नानासो दारातूनच ओरडले. ते इस्लामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत. हवालदारांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं.

"घान हुती, म्हनून धुतोय."

"ती घाण नव्हे. माशांची विष्ठा पाण्यात विरघळते आणि तिचंच विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना चिकटून राहायला जागा लागते. तुम्ही घातलेत नदीतले गुळगुळीत गोटे, आणि वर तेही धुताय. त्यांनी राहायचं कुठं?"

"मग कोळसा घालू?"

"कोळसा वास ओढतो, पण चार दिवसांत त्याचा जोर संपतो. भाजक्या विटेचे तुकडे घाला. विटेला अंगभर भोकं. पंप त्यांच्यातून पाणी ओढत राहील, आणि हळूहळू जीव धरतील. महिना लागेल. तोवर हात लावायचा नाही."

स्वयंपाकघरातून मुक्ताबाई बाहेर आल्या. पेटी घरात आली त्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. आज मात्र पदर खोचून पुढ्यात उभ्या राहिल्या.

"म्हंजी इटा घातल्यावर पान्यानं मासा मरनार न्हाई?"

"जमलं तर नाही मरणार, वहिनी."

"नक्की न्हवं?"

हवालदारांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच भट्टीवरून पाटीभर विटा आणल्या, ओट्यावर फोडल्या, चाळल्या आणि भुकटी निघेपर्यंत साध्या पाण्यात खळबळून दिल्या.

मानसिंग पलटणीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. उसाची जमीन धाकटा भाऊ हिंदुराव बघायचा. दिवाळीपासून हवालदारांची तब्येत ढासळली होती. पोटात आग पडे, पाय बधिर होत. हिंदुरावाने म्हसवडकडच्या कुणा वैद्याकडून पुड्या आणायला सुरुवात केली, तरी दुखणं वाढतच गेलं. रोज दुपारी मुक्ताबाई मधातून एक पुडी चाटवत. बसून बसून जीव आंबायला लागला, तेव्हा पलटणीत साहेबांच्या बंगल्यावर पाहिलेली माशांची पेटी हवालदारांना आठवली आणि तशीच एक त्यांनी सांगलीहून मागवली.

महिन्याभरात विटांवर तपकिरी बुळबुळीत थर आला. पाणी असं नितळ झालं की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. नवे सहा मासे आणले. तीन आठवडे झाले, एकही दगावला नाही. हवालदारांचीही भूक परतली. काठी न घेता ते एसटी स्टँडपर्यंत जाऊ लागले.

"माशांनी उटवलं बघ मला," ते म्हणाले.

मुक्ताबाईंनी मधाची वाटी पुढे केली.

मग एका मंगळवारी एक मासा उताणा तरंगताना दिसला. गुरुवारी दुसरा.

नानासोंनी पेटी वर-खाली पाहिली. पाणी हुंगलं, पंप तपासला, विटेचा एक तुकडा बोटांत धरून निरखला.

"विटांवर जीव उत्तम धरलेत. पाण्यात दोष नाही, हवालदार." त्यांनी तुकडा परत पाण्यात ठेवला. "बाहेरून काहीतरी पडतंय यात."

हवालदारांनी घरभर नजर फिरवली. घरात माणसं दोनच.

संध्याकाळी हिंदुराव पुड्या घेऊन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"दादा, बोलू नये, पर वैनीचं वागनं मला कवाधरनं बरं दिसंना. जरा जपून ऱ्हा गड्या."

"काय बोलतोस तू हिंदू?"

"मी काय बोलत न्हाई. तू डोळं उघडं ठेव."

एकाहत्तरला छांबच्या आघाडीवर तोफांखाली झोप काढलेला माणूस, पण आता हवालदार प्रत्येक घास हुंगून तोंडात घालू लागले. बायको मध चाटवायची तेव्हा घोट उतरेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. हे आजच होतंय की आधीपासून, ते त्यांना आठवेना. शनिवारी तिसरा मासा मेला.

सोमवारी दुपारी औषध झाल्यावर ते म्हणाले, "स्टँडवर जाऊन येतो."

ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परड्यातून वळसा घालून मागच्या दाराशी आले. वहाणा बाहेरच काढल्या.

मुक्ताबाई पेटीपाशी उभ्या होत्या. कमरेचा बटवा सोडून त्यांनी कागदाची पुडी काढली, उलगडली आणि पांढरी पूड पाण्यात झटकली. मग तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. थोड्या वेळाने एक मासा वेडावाकडा फिरला आणि कुशीवर कलला.

"मुक्ते!"

त्या दचकल्या नाहीत. सावकाश मागे वळल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

मानसिंगांनी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "हेच... हेच देतीस व्हय मला रोज?"

"न्हाई." मुक्ताबाई पेटीपाशीच खाली बसल्या. "तुमाला दोन म्हयने झालं, नुसती जेष्ठमधाची पूड चाटवतिया. मला वहीम हुता, पर तुमाला सांगून पटलं नसतं. पान्याचा दोष न्हाई, ह्याची आदी खातरी पायजे हुती."

त्यांनी मुठीतला चुरगळलेला कागद नवऱ्यापुढे धरला.

"ही भावजींनी तुमच्यासाटी आनल्याली पुडी हाय."