शेंड्यावरच्या अळ्या

मारोतरावांनी फवारणीचा पंप पाठीवर चढवला, तशी निकिता तुरीच्या तासात, दोन ओळींमधल्या वाटेत, आडवी उभी राहिली.

"सरक."

"बाबा, आजचा एक दिवस."

"चौथा दिवस हाये आज. तीन दिवस मी काही बोललो काय?" त्यांनी एक फांदी ओढून लेकीच्या नाकासमोर धरली. "मोज. तुले मोजाची लय हौस हाये ना?"

तिनं मोजल्या. अकरा शेंगांपैकी चार पोखरलेल्या. काल याच फांदीवर तीन होत्या.

चार दिवसांपूर्वी, संध्याकाळी, बापलेकींनी या तुरीवर विषाणूचं पाणी फवारलं होतं. हा विषाणू शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीला मारतो. माणसाला, गाईला, मधमाशीला काही करत नाही. उन्हानं तो मरू नये म्हणून निकितानं त्यात कपड्यांची नीळ टाकली होती. पानांवर अजून निळसर डाग होते.

"वावराले नीळ देणारा अख्ख्या महागावात मी एकटाच," मारोतराव म्हणाले. "आता इस्त्री तेवढी राह्यली."

धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, निकिताची आई विमलताई ओरडल्या, "अहो, तोंडाले दुपट्टा तरी बांधा! मागच्या साली..."

मागच्या साली कपाशी फवारून मारोतराव घरी आले, तेव्हा त्यांना दाराची कडी दिसत नव्हती. सहा दिवस दवाखान्यात काढले. आज पंपात तेच औषध होतं.

"नका मारू, बाबा. तुमाले झेपणार नाई."

"मी पडलो त उठीन. पोखरली शेंग उठत नाई." त्यांनी दुपट्टा बांधला. मग एकदम वर बोट केलं. "अन् हे पाह्य! कमी होणार होत्या ना? पाह्य कशा वाढल्या. जत्रेले आल्यावानी बसून राह्यल्या!"

निकितानं वर पाहिलं. कालपर्यंत पानांआड, शेंगांत तोंड खुपसून असलेल्या अळ्या आज शेंड्यावर, उघड्यावर होत्या. एका झाडावर पाच.

तिनं गवताची काडी घेऊन एकीला टोचलं. धडधाकट अळी अंग आक्रसून खाली पडली असती. ही हललीही नाही. फुगलेली, पिवळट, कातडी तेल लावल्यासारखी.

"बाबा, ह्या वाढल्या नाई. खालच्याच वर गेल्या. विषाणू नेते त्याईले वर, मराच्या आधी. वर फुटली का आतलं पाणी खालच्या पानांवर गळते. ते पान दुसरी अळी खाते."

"डोळ्याले दिसत नाई ते, अन् अळीले झाडावर चढवते?"

"हो."

मारोतरावांनी पंपाचा दांडा सोडला नाही.

"मेलेली दाखव. एक. हे तास संपेपर्यंत. नाई सापडली त मंग मधात येऊ नको."

निकिता पुढे निघाली. झाडामागून झाड, शेंडा, फांदी, पानांची खालची बाजू. मागून पंपात हवा भरल्याचा आवाज येत होता. अळ्या सगळीकडे होत्या. सगळ्या जिवंत. एक तर अजून खात होती. तास संपत आलं. दहा झाडं उरली. सहा. तीन.

"निकिता," मारोतराव हळूच म्हणाले, "सरक आता, बाई."

ती सरकली नाही. शेवटून दुसऱ्या झाडापाशी ती वाकली होती.

मागच्या पायांनी फांदीला धरून एक अळी उलटी लोंबत होती. काळी पडलेली, चिंध्या झालेली. तोंडाकडून एक थेंब सुटला आणि खालच्या पानावर पडला.

मारोतरावांनी पंप खाली ठेवला. दुपट्टा सोडला. पुढच्या झाडावर अजून एक लोंबत होती, त्यापलीकडच्यावर दोन. ते एकेकीजवळ जाऊन, हात मागे बांधून बघत राहिले.

तेवढ्यात वरून एक कोतवाल पक्षी झेपावला. शेंड्यावरची एक सुस्त अळी त्यानं चोचीत उचलली.

"हाड! हाड!" मारोतराव हात उडवत धावले. "आमची हाये ते!"

"नेऊ द्या, बाबा. त्याच्या पोटात विषाणू मरत नाई. जिथं बसन, तिथं विष्ठेतून पेरन."

कोतवाल धुरा ओलांडून पलीकडच्या वावराकडे निघाला होता.

"मंग त्याले म्हण," मारोतराव कळवळून म्हणाले, "आपल्याच वावरात बस."