वंशावळ

माहेरच्या जमिनीत बायकांना वाटा मिळवून देते म्हणून बेळगुंदीच्या बेबीआक्काचा बेळगावात सत्कार झाला. तिचा भाऊ शामूअण्णा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी माहेरच्या वाट्यासाठी नागुबाईचा अर्ज द्यायला बेबीआक्का तिला घेऊन कचेरीत गेली. आपल्या वडिलांच्या वारशाचं कुठवर आलं, हेही तिनं सहज विचारलं. कारकुनानं कागद पुढं केला. वंशावळीत वडिलांच्या नावाखाली एकटा शामू होता. मयताला मुलगी नाही, असं लिहून शामूनं खाली सही केली होती.

तिनं तिथूनच फोन लावला. "अण्णा, मी मेले व्हय रं?"

"तसं न्हवं गं. तू दुसऱ्यांच्या भावांवर केशी घालतीस. माझ्यावर घालणार न्हाईस, म्हाईत होतं मला."

हरकतीचा अर्ज तिला तोंडपाठ होता. बाकावर बसून तिनं तो एका दमात लिहून काढला. सहीपाशी मात्र हात थांबला, तो हलेचना.

शेजारी बसलेली नागुबाई कितीतरी वेळ त्या हाताकडं बघत होती. मग आपला कागद घडी घालत हळूच म्हणाली, "आक्का, माझाबी राहू दे काय मग?"