कायमचं पुसा

पाहुणा पुन्हा आला होता.

खातं न उघडता लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांची विकी 'पाहुणा' हेच नाव द्यायची. पण या आठवड्यात तो शब्द दिसला की खारूताई उठून दाराची कडी तपासायची.

"हे बटण लोकांना देऊ नका," त्याने चर्चेच्या पानावर लिहिलं होतं. "निदान सोमवारपर्यंत थांबा. कारण इथे सगळ्यांसमोर सांगता येत नाही. मला फोन करा."

खाली नंबर होता. तिने तो मजकूर काढून टाकला आणि कप विसळायला उठली. नळाखाली धरल्यावर लक्षात आलं, कप आधीच विसळलेला होता.

कुणालाही पानं लिहिता आणि सुधारता येतील अशी वेबसाइट म्हणजे विकी. ती चालवणारं एक सॉफ्टवेअर खारूताई आणि मास्तर असे दोघं सांभाळत, फुकट, आपापली नोकरी करून. शाळा, ग्रंथालयं, लहानसहान गट ते वापरत. खारूताई हे तिचं तिथलं टोपणनाव. मास्तर मात्र खरेच मास्तर होते, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते.

बटणाची मागणी 'सुईदोरा' नावाच्या बाईंची होती. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या गटाची विकी त्या चालवत. "पार्सलसाठी मी एकदा नव्या घराचा पत्ता पानावर टाकला," त्यांनी लिहिलं होतं. "चूक कळताच काढला. पण तुमच्याकडे जुना मजकूर फक्त लपतो, जात नाही. मुलीचा बाप आम्हाला शोधत फिरतोय. त्याला यातला जाणकार कुणी भेटला तर? कायमचं पुसायची काही सोय कराल का? पोर चार वर्षांची आहे. अजून झोपेतून रडत उठते."

त्यावर चर्चेत दोन तट पडले. मास्तर विरोधी तटात होते.

"आपण इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, बिनधास्त लिहा, इथे काही हरवत नाही," ते फोनवर म्हणाले. "आता तू हरवून दाखवणार. बॅकअपमधूनसुद्धा?"

"बॅकअप राहिला तर पुसून उपयोग काय, मास्तर?"

"एकदा गेलं की ते तुला नाही, मला नाही, कुणालाच परत आणता येणार नाही."

"तेच तर हवंय त्यांना."

"आणि तो पाहुणा? त्याचं ऐकून तरी घे."

"त्याचं काय ऐकायचं? मुलीचा बापच असणार तो. तुम्हाला बोलायला काय जातंय! तुमच्या दारात नाही येणार तो."

"आला तर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवीन. परत फिरकायचा नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "दार नीट लावत जा गं."

ती हसली नाही. सुरक्षेच्या तक्रारींसाठी कुणाचा तरी पत्ता आणि नंबर द्यावा लागतो, म्हणून प्रकल्पाच्या पानावर तिने हौसेने स्वतःचाच दिला होता.

शुक्रवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, फक्त पाच मिनिटं," एवढंच ऐकून तिने तो कापला आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला. मग ईमेल आली. ती तिने न वाचताच उडवली. वाचली असती तर कदाचित उत्तर द्यावंसं वाटलं असतं, आणि असल्या माणसांना तेवढंच हवं असतं.

शनिवारी दुपारी ती ब्रेड आणायला खाली उतरली. परतताना तिला दिसलं, इमारतीच्या दारात एक माणूस टपालपेट्यांवरची नावं वाचत होता. अगदी सावकाश, एकेका नावावर बोट ठेवून. ती मागच्या जिन्याने वर गेली. कडी लावली, साखळी लावली, खुर्ची ओढून दाराला टेकवली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

साधे शब्दही चुकीचे उमटत होते. तरी तिने चाचण्या टाळल्या नाहीत. पान बनवायचं, पुसायचं, मग सगळीकडे शोधायचं. इथे न सापडणं म्हणजे पास. तिने दोनदा शोधलं. कुठेच काही सापडलं नाही.

तिने नवी आवृत्ती खुली केली.

थोड्याच वेळात सुईदोराचा निरोप आला. "झालं. सगळं गेलं. तुमचे उपकार कसे फेडू? आज पहिल्यांदाच तिला खिडकीपाशी बसू दिलं."

खारूताईने डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. ब्रेडची पिशवी उघडतेय तोच बेल वाजली.

तिने पिशवी खाली ठेवली. पुन्हा बेल. मग दारावर थाप.

"कोण?"

"मी... तुमच्या विकीवर लिहीत होतो, तो."

"मी पोलिसांना फोन केलाय," ती खोटंच म्हणाली.

"बरं केलंत." तो धापा टाकत होता. "ताई, सर्व्हरवाले सोमवारी पोलिसांना त्या शिवणकामाच्या विकीवरच्या जुन्या मजकुराची प्रत देणार आहेत. तोवर ते बटण... अजून दिलं नाहीत ना?"

"दिलं!" तिचा आवाज चिरकला. "आणि त्यांनी ते वापरलंसुद्धा. आता तुमची बायको तुम्हाला सापडायची नाही. मुलगीही नाही. जा तुम्ही!"

पलीकडे काहीतरी भिंतीला घासत खाली गेलं. तिने दाराच्या भिंगाला डोळा लावला. तो माणूस भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. कठडा धरत एक बाई जिना चढून वर आली, त्याच्याकडे एकदा बघून दारावर तळवा टेकवून उभी राहिली.

"ताई, ह्यांची बायको मी आहे," ती म्हणाली. "ती बाई आमच्याकडे मुलीला सांभाळायला यायची."