सात मात्रा

"अगं, तो नुसता रिफ्लेक्स आहे," दादा म्हणाला.

स्ट्रोकनंतर चार महिने बाबा निश्चल पडून होते. फक्त पायाचा अंगठा हलायचा. ते शुद्धीत आहेत का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मी त्यांच्या जुन्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचे अल्बम पहिल्यापासून क्रमाने लावत होते. ड्रम्सवर बाबाच. बाबांची गाणी सात मात्रांची; ती लागली की अंगठाही दर सात मात्रांनी हलायचा, बंद केली की थांबायचा.

पाचवा अल्बम बँडने बाबांना काढून टाकल्यानंतरचा. आमच्या घरात कधीच न वाजलेला. त्यात नव्या ड्रमरने बाबांचंच सात मात्रांचं एक गाणं आठ मात्रांत सोपं करून वाजवलं होतं.

अंगठा थांबला. मग पुन्हा हलू लागला. मी तीनदा मोजलं. ड्रम्स आठवर, अंगठा सातवर.

"दादा, बाबा आत आहेत," मी म्हणाले. "आणि जाम चिडलेत."